आधी खोली, मग स्पीकर, रिसीव्हर सगळ्यात शेवटी

मी होम थिएटर सुधारायला निघालो तेव्हा सगळ्यात आधी रिसीव्हर, म्हणजे आवाज वाढवून सगळ्या स्पीकरना वाटून देणारा डबा, बदलला. जुना आठ वर्षांचा झाला होता, नव्याच्या खोक्यावर वॅटचा आकडा जवळजवळ दुप्पट होता, म्हणजे हिशेब सरळ होता. अर्धा दिवस टीव्हीच्या मागे वाकून वायरी जोडल्या, सिनेमा लावला आणि घरच्यांकडे मोठ्या ऐटीत पाहिलं. वीस मिनिटांनी आई म्हणाली, ‘आवाज मोठा झालाय रे. पण तो माणूस काय पुटपुटतोय, ते मला आधीही कळत नव्हतं आणि आत्ताही कळत नाहीये.’

तिचं बरोबर होतं. कारण सापडायला दोन आठवडे लागले. सेंटर स्पीकर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर, टीव्हीखालच्या कपाटाच्या खणात चार बोटं आत सरकवलेला होता आणि त्याचं तोंड थेट आमच्या गुडघ्यांकडे होतं. तो खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढला, दाराखाली अडकवायच्या दोन रबरी पाचरी त्याच्या पुढच्या बाजूखाली सरकवून तोंड थोडं वर केलं, आणि पुटपुटणारी माणसं बोलायला लागली. नव्या रिसीव्हरचा यात काडीचाही वाटा नव्हता.

तेव्हापासून कोणी ‘कुठला रिसीव्हर घेऊ?’ असं विचारलं की मी खोलीचं माप विचारतो. लोकांना वाटतं मी विषय टाळतोय.

तीन आकडे

कुठल्याही बऱ्यापैकी रिसीव्हरला २० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा) २०,००० हर्ट्झपर्यंतचे सगळे सूर सारख्याच जोराने दिले, तर तो ते बाहेरही जवळपास तसेच काढतो. फरक पडलाच तर अर्ध्या-एक डेसिबलचा, तोही टोकांना. तेच सूर चांगल्या स्पीकरमधून काढा. कुठे तीन डेसिबल वर जातात, कुठे तीन डेसिबल खाली, आणि एवढं साधलं तरी उत्पादक ते माहितीपत्रकात अभिमानाने छापतो. आता तो स्पीकर खोलीत ठेवा. साधारण २०० हर्ट्झच्या खाली खोली काही सूर दहा डेसिबलने फुगवते आणि काही तेवढेच गिळून टाकते. दहा डेसिबलचा फरक म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठा किंवा निम्मा आवाज.

अर्धा, तीन, दहा. सुधारणेची जागा कुठे आहे ते यातच दिसतं. तरी बहुतेकांचा वेळ आणि पैसा जातो तो पहिल्या आकड्यावर, कारण रिसीव्हरला बटणं असतात, दिवे असतात, आणि खोक्यावर छापायला वीस चिन्हं असतात. खोलीला खोकंच नसतं.

अंगण खरंच वाकडं असतं

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण इथे उलटी होते. स्पीकरला नाचता येत असतं, वाकडं असतं ते अंगणच.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुमच्या खोलीची लांबी मीटरमध्ये घ्या, तिची दुप्पट करा आणि ३४३ला त्या संख्येने भागा. ५ मीटर लांबीला उत्तर येतं ३४ हर्ट्झ, ३.५ मीटर रुंदीला ४९ हर्ट्झ. या सुरांची अर्धी लाट दोन भिंतींमध्ये अगदी मापात बसते. भिंतीवरून परतणारी लाट पुढे जाणाऱ्या लाटेत मिसळते आणि तो सूर जागच्या जागी उभा राहतो. भिंतींपाशी फुगलेला, मधोमध जवळजवळ नाहीसा. म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकवून बसणाऱ्याला खर्ज घुमत राहतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला तोच खर्ज सापडत नाही. दोघेही सबवूफरला, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरला, दोष देतात.

बसायची जागा मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण एक-तृतीयांशावर आली तर सगळ्यात बरं. तेवढं जमत नसेल तर सोफा भिंतीपासून अर्धा मीटर जरी पुढे आला तरी फरक कळतो. चालायला जागा उरत नाही ही तक्रार मी ऐकली आहे, आणि ती रास्त आहे.

वरच्या सुरांचं प्रकरण वेगळं. खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकू आलं तर प्रत्येक शब्दामागेही तेच शेपूट लागणार आणि संवाद पुसट होणार. उघडी फरशी, मोठी काच, रिकाम्या समोरासमोरच्या भिंती ही त्याची नेहमीची कारणं. पुढचे स्पीकर आणि तुम्ही यांच्या मधल्या जमिनीवर जाड गालिचा, काचेवर जड पडदा आणि एखाद्या भिंतीला पुस्तकांचं कपाट एवढ्याने बरंच काम होतं. मात्र पडद्याने खर्ज आवरेल अशी आशा ठेवू नका. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, तिला पडदा असल्याचा पत्ताही लागत नाही.

मग कोन. पुढचा डावा आणि उजवा स्पीकर तुमच्या नाकासमोरच्या रेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावा. म्हणजे तुम्ही ३ मीटरवर बसत असाल तर त्या दोघांत अडीच ते साडेतीन मीटर अंतर हवं. टीव्हीच्या दोन कडांना चिकटवून ठेवले की पडद्यापलीकडे आवाज पसरतच नाही. सराउंड, म्हणजे बाजूचे स्पीकर कानाच्या रेषेच्या थोडे मागे, ११० ते १२० अंशांवर, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर. सोफा भिंतीला लागूनच राहणार असेल तर मागे आणखी दोन स्पीकर लावून ७.१ (म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर) करण्याच्या फंदात पडू नये. ते डोक्याच्या पार मागे चिकटतात आणि कान भरतात. तिथे नीट लावलेलं ५.१ केव्हाही चांगलं.

वॅटचा भ्रम

स्पीकरच्या माहितीपत्रकात मला सगळ्यात आधी संवेदनशीलतेचा आकडा बघायचा असतो. ‘८७ डेसिबल’ याचा अर्थ, एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. आता गणित करू. तुम्ही ३ मीटरवर बसलात. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल गळाले असते. खोलीत भिंती थोडं परत करतात, म्हणून सहा गळाले असं धरू. उरले ८१. घरी सिनेमा बघताना बोलण्याचा आवाज साधारण ७० ते ७५ डेसिबलवर असतो. म्हणजे सिनेमाचा बराचसा वेळ तुमचा तो शंभर वॅटचा रिसीव्हर एक वॅटसुद्धा देत नसतो.

ताकद लागते ती क्षणांपुरती. दार आपटतं, काच फुटते, ढग गडगडतो, आणि आवाज सरासरीच्या वीसेक डेसिबल वर उडी मारतो. ९५ डेसिबलपर्यंत जायचं तर ८१वर १४ डेसिबल चढवायला हवेत आणि त्याला लागतात २५ वॅट. थिएटरच्या मानकात एका चॅनलचं, म्हणजे एका स्पीकरला जाणाऱ्या आवाजाचं, शिखर १०५ डेसिबलचं असतं. घरी ते गाठायचं तर २५० वॅट लागतील. पण त्या पातळीवर घरी सिनेमा बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. १०० वॅटचा रिसीव्हर सोडून १४० वॅटचा घेतलात तर तुम्हाला मिळतो दीड डेसिबल. दुसऱ्या खोलीतून येऊन बसणाऱ्याला तो फरक सांगता येणार नाही. उलट ८७ऐवजी ९० डेसिबलचे स्पीकर घेतलेत तर रिसीव्हर बसल्या जागी दुप्पट ताकदीचा झाल्यासारखा होतो, कारण तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वॅट. थोडी सावधगिरी मात्र हवी. बरेच उत्पादक एक वॅट मोजत नाहीत, २.८३ व्होल्ट देतात. ८ ओहमच्या स्पीकरला तो बरोबर एक वॅट होतो, ४ ओहमच्याला दोन. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरच्या आकड्यात तीन डेसिबल फुकटचे मिसळलेले असतात. तुलना करताना ते वजा करा.

आणि खोक्यावरचा तो दणदणीत आकडा? त्याच्याखालची बारीक अक्षरं वाचा. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल, १० टक्के डिस्टॉर्शन’ (म्हणजे आवाजाची मोडतोड) असं असेल तर तो आकडा सोडून द्या. एकच चॅनल, एकच सोपा सूर, तोही फाटेपर्यंत ताणून मोजलेला. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल, ०.०८ टक्के’ अशा धर्तीची ओळ शोधा. तोच रिसीव्हर तिथे बराच नम्र झालेला दिसेल. सगळे चॅनल एकदम चालवले तर आकडा आणखी खाली येतो, कारण आत वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर सगळ्यांत मिळून एकच असतो. पण सिनेमात सगळे स्पीकर एकाच क्षणी शिखरावर क्वचितच जातात, तेव्हा त्यापायी झोप उडवून घेऊ नये.

ओहमबद्दल एवढंच: आकडा जितका लहान तितका स्पीकर जास्त करंट ओढतो आणि रिसीव्हर तितका तापतो. रिसीव्हरच्या पुस्तिकेत ४ ओहम चालतं असं स्पष्ट लिहिलं नसेल तर ६ किंवा ८ ओहमचे स्पीकर घ्या. आणि रिसीव्हर कपाटात कोंबू नका, वर आणि बाजूंना चांगली हवा खेळू द्या. त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला मी पाहिलाय. हात लावला तर इस्त्री.

समोरचे तिघे

आवाजाच्या बाबतीत सिनेमाचा कणा म्हणजे सेंटर स्पीकर. बहुतेक सगळे संवाद त्याच्यातून येतात. तरी लोक पैसे संपत आले की तिथेच काटछाट करतात. डावा, उजवा आणि सेंटर हे तिघे एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले असावेत, किमान त्यांचे ट्विटर, म्हणजे वरचे सूर काढणारे छोटे भाग, तरी सारखे असावेत. पडद्यावर मोटरसायकल डावीकडून उजवीकडे गेली की तिचा आवाजही या तिघांतून सरकत जातो. सेंटर वेगळ्या जातीचा असेल तर मध्यावर ती मोटरसायकल बदलून दुसरीच झाल्यासारखी वाटते. सराउंडच्या बाबतीत ही अट बरीच सैल करता येते.

सेंटर आडवा असतो तो टीव्हीखाली मावावा म्हणून, आवाज चांगला येतो म्हणून नव्हे. साध्या आडव्या सेंटरमध्ये मधे ट्विटर आणि दोन्ही बाजूंना खालचे सूर काढणारे दोन सारखे वूफर असतात. नेमकं समोर बसलेल्याला काही त्रास नाही. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याच्या कानापासून मात्र एक वूफर जवळ आणि दुसरा लांब पडतो, दोघांच्या लाटा पुढेमागे पोहोचतात आणि आवाजाच्या मधल्या पट्टीत काही सूर एकमेकांना खोडून टाकतात. माणसाचा आवाज असतो नेमका त्याच पट्टीत. टोकाला बसणारी व्यक्ती सतत ‘काय म्हणाला?’ विचारत असेल तर कानाच्या डॉक्टरकडे जायच्या आधी जागा बदलून बघा. यावर उपाय म्हणजे थ्री-वे सेंटर: मधे ट्विटर, त्याच्या वर किंवा खाली मधले सूर काढणारा छोटा मिडरेंज आणि बाजूंना वूफर. महाग पडतो, पण तीन-चार जण शेजारी-शेजारी बसणार असतील तर तो खर्च वाया जात नाही. टीव्हीखाली उंचीला जागा असेल तर आणखी सरळ मार्ग आहे. डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ स्पीकर मधे उभा करायचा.

चांगला स्पीकर ओळखायचा कसा? यावर सगळ्यात पायाभूत काम फ्लॉइड टूल यांनी केलं, आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हर्मन कंपनीत. पडद्याआड स्पीकर ठेवून, आवाजाची पातळी सारखी करून लोकांना ऐकवलं तर त्यांच्या आवडीनिवडी आश्चर्य वाटावं इतक्या जुळतात. लोकांना आवडतात ते समोरून सपाट आणि बाजूंनाही तशाच गुळगुळीत उताराने आवाज फेकणारे स्पीकर. बाजूचं महत्त्व का? कारण तुमच्यापर्यंत येणाऱ्या आवाजाचा मोठा हिस्सा भिंतींवरून परावर्तित होऊन येतो. बऱ्याच स्पीकरची ही सगळ्या कोनांतली मोजमापं आता प्रसिद्ध होतात. आलेखातल्या रेषा एकमेकींना समांतर हळूहळू उतरताना दिसल्या तर तो स्पीकर बहुधा चांगला. एखादी रेषा मधेच खड्ड्यात पडून वर येत असेल तर सावध व्हा.

स्वतः ऐकून निवडणार असाल तर एक फसगत टाळा. दोन स्पीकरमधला जो जरासा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, एखाद्या डेसिबलनेही. मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने दोघांची पातळी सारखी करून घ्या. आणि स्फोट ऐकू नका, माणसाचं बोलणं ऐका, ओळखीच्या आवाजाचं. स्फोट कसा वाजायला हवा हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसतं. माणूस कसा बोलतो ते सगळ्यांना ठाऊक असतं.

उंच टॉवर की छोटे बुकशेल्फ? सबवूफर घेणार असाल तर बुकशेल्फ. टॉवरचा जास्तीचा पैसा जातो तो खालच्या खर्जावर, आणि तो खर्ज तर तुम्ही सबवूफरकडे वळवणार आहात. वाचलेले पैसे सबमध्ये घाला.

सबवूफर, आणि गुडघ्यांवर रांगणे

५.१मधला ‘.१’ म्हणजे फक्त खालच्या धमाक्यांसाठी राखून ठेवलेली पट्टी, १२० हर्ट्झपर्यंतची. पण सबचं काम तेवढंच नाही. रिसीव्हर बाकीच्या सगळ्या स्पीकरचा खर्जही त्याच्याकडे पाठवू शकतो. कुठून खालचा पाठवायचा त्या सीमेला क्रॉसओव्हर म्हणतात आणि ८० हर्ट्झ हा त्याचा प्रचलित आकडा आहे. कारण साधं आहे. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरच्या वर असते आणि एवढ्या लांब लाटा कुठल्या दिशेने आल्या ते कानाला ओळखता येत नाही. म्हणून सब कोपऱ्यात असूनही हेलिकॉप्टर पडद्यावरच वाटतं. छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर सीमा १२० पर्यंत वर न्यावी लागते आणि मग सब कुठे बसलाय ते कळायला लागतं.

बंद खोक्याचा सब आटोपशीर असतो, त्याचा खर्ज खाली हळूहळू उतरत जातो. भोक असलेला म्हणजे पोर्टेड सब त्याच ताकदीत २० ते ३० हर्ट्झच्या पट्टीत जास्त हवा हलवतो, पण आकाराने मोठा असतो आणि पोर्टच्या सुराखाली गेलं की एकदम गळतो. सिनेमासाठी आणि मोठ्या खोलीसाठी पोर्टेड, छोट्या खोलीसाठी बंद, असं मी ढोबळमानाने सांगतो. माझ्याशी असहमत होणारे पुष्कळ आहेत.

जागा शोधायची रीत मात्र वादातीत आहे. सब उचलून सोफ्यावर, तुम्ही जिथे बसता तिथे ठेवायचा. खर्जात चालत वर-खाली जाणारं एखादं बेस गिटारचं वादन लावायचं. आणि आपण भिंतीच्या कडेकडेने, कान सबच्या उंचीवर येईल असं रांगायचं. दर दोन हातांवर आवाज बदलतो. एका जागी दोन सूर गर्जतात, पुढच्या जागी तेच गायब. जिथे सगळे सूर सारख्या वजनाने येतात, तिथे खूण करायची आणि सब तिथे ठेवायचा. जागांची अदलाबदल केली तरी खोली तेच उत्तर देते, म्हणून हे चालतं. मी हे रात्री साडेदहाला केलं होतं. घरच्यांना वाटलं माझं काहीतरी हरवलंय, आणि भाचा टॉर्च घेऊन मदतीला आला.

पैसे थोडे जास्त असतील तर एका मोठ्या सबऐवजी दोन मध्यम घ्या, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर. एकाने उभा केलेला सूर दुसरा मोडतो आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना जवळपास सारखा खर्ज मिळतो.

आता रिसीव्हर

रिसीव्हर म्हणजे एका डब्यातले तीन नोकर. एक चित्र आणि आवाजाच्या वायरी सांभाळतो, दुसरा डोकं चालवतो आणि तिसरा ॲम्प्लिफायर म्हणून ओझं उचलतो. तिसरा वीस वर्षांनीही कामाचा असतो. पहिला पाच-सात वर्षांत म्हातारा होतो. म्हणून रिसीव्हरवर आयुष्यभराची गुंतवणूक करू नये, आणि स्पीकरवर करायला हरकत नाही.

पहिल्या नोकराच्या बाबतीत विचारायचा प्रश्न ईआर्कचा. टीव्हीतला आवाज एचडीएमआयमधून उलटा रिसीव्हरकडे आणणारी वाट म्हणजे आर्क, ती २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आली. ईआर्क ही तिची रुंद केलेली आवृत्ती, २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधली. टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमे बघत असाल तर तिथला डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, दाबून लहान केलेल्या रूपात येतो आणि टीव्हीने साथ दिली तर साध्या आर्कमधूनही जातो. ब्लू-रे डिस्कवरचा काहीही न गमावलेला आवाज टीव्हीमार्गे आणायचा तरच ईआर्क अनिवार्य. प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडला तर तेही नको.

गेम खेळणाऱ्यांना ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेमने हवं असतं. खोक्यावर नुसतं ‘२.१’ लिहिलंय म्हणून ते मिळेल असं नाही, त्यातली बरीच वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. ‘४के १२०’ असं स्पष्ट लिहिलेलं बघा. किंवा गेमचं यंत्र सरळ टीव्हीला जोडा आणि आवाज ईआर्कने परत आणा, म्हणजे रिसीव्हरला चित्राशी देणंघेणंच उरत नाही. मी तेच करतो.

दुसरा नोकर, डोकं चालवणारा, हा माझ्या मते रिसीव्हर निवडण्याचं खरं कारण. सोबत येणाऱ्या माइकने तो खोली मोजतो, प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी ठरवतो आणि खोलीने फुगवलेले सूर खाली दाबतो. डेनॉन आणि मॅरँट्झमध्ये ऑडिसी असतं, यामाहात वायपीएओ, काही वरच्या यंत्रांत डिरॅक. एकाच कंपनीत स्वस्त आणि महाग यंत्रांतली आवृत्ती वेगळी असते. दोन रिसीव्हरमध्ये अडकलात तर वीस वॅट जास्त देणारा सोडा आणि खर्ज अधिक बारकाईने दुरुस्त करणारा घ्या. मात्र हा नोकर उंचवटे कापू शकतो, खड्डे भरू शकत नाही. उभ्या लाटेने गिळलेला सूर वाढवून पाठवला तर त्याला खोडणारा परतीचा सूरही तेवढाच वाढतो. खड्ड्यावर इलाज एकच, सब किंवा सोफा हलवणे.

मोजणी करताना माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, तिपाईवर, कानाच्या उंचीला ठेवा, पंखा बंद करा. मोजणी झाल्यावर आत जाऊन तपासा. बऱ्याचदा पुढचे स्पीकर यंत्राने ‘लार्ज’ ठरवलेले असतात, म्हणजे त्यांचा खर्ज सबकडे जातच नाही. सगळे ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर ८० ठेवा आणि सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण कमाल आकड्यावर फिरवा, नाहीतर दोन चाळण्या एकावर एक बसतात. संवाद हळू आणि गाणी कर्कश हा त्रास रात्रीपुरता असेल तर मेनूमध्ये आवाजाचा चढउतार कमी करणारी सोय असते, तिच्यासाठी नवं यंत्र घ्यायची गरज नाही.

ओझं उचलणाऱ्या नोकराबद्दल वर बोललोच. एक भर: पुढच्या स्पीकरसाठी ‘प्री-आउट’ (न वाढवलेला आवाज बाहेर देणारी जोडणी) असलेला रिसीव्हर मिळाला तर उद्या मोठा ॲम्प्लिफायर बाहेरून जोडता येतो.

वायरींवर फार शाई खर्च करायला नको. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर नेली तरी जाऊन-येऊन रोध ०.१४ ओहमच्या आसपास होतो. ८ ओहमच्या स्पीकरसमोर तो नगण्य. लाल लालला, काळा काळ्याला, हे मात्र दोनदा बघा. एक जोडी उलटी झाली की खर्ज पोकळ होतो आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही.

टप्प्याटप्प्याने

सगळं एकदम घेणं जमत नसेल तर ३.१ ने सुरुवात करा. समोरचे तीन चांगले स्पीकर आणि एक चांगला सब, सोबत सात चॅनलचा मध्यम रिसीव्हर. त्याच पैशात डबाबंद संचात सात स्पीकर मिळतात, पण संवाद ऐकायचे असतील तर तिघेच बरे. सराउंड सहा महिन्यांनी जोडा.

छतातले ॲटमॉस स्पीकर त्याच्याही नंतर. हे तंत्र २०१२ मध्ये थिएटरांत आणि २०१४ मध्ये घरांत आलं. त्यात आवाज ठरावीक चॅनलला बांधलेला नसतो. ‘हा पाऊस अमुक जागी’ अशी नोंद सोबत येते आणि तुमच्याकडे जे स्पीकर असतील त्यांच्यातून तो कसा काढायचा ते रिसीव्हर ठरवतो. ५.१.२ मधला शेवटचा आकडा वरच्या स्पीकरचा, आणि त्यासाठी रिसीव्हरला सात चॅनल लागतात. वर तोंड करून छतावर आवाज आपटवणारे स्पीकरही मिळतात. छत सपाट आणि टणक असेल तर ते चालतात, उतरतं किंवा नक्षीदार असेल तर त्यांचा आवाज भलतीकडेच उडतो.

घराचं रंगकाम निघालं तेव्हा मी छतात चार जागी वायर टाकून घेतली होती. तिच्या चारही टोकांना अजून चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. आधी दुसरा सब घ्यायचाय.